भुकेची जाहिरात आणि बाईची पत

(वाशी येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा सूर शक्यतो तसाच ठेवला आहे.)



संयोजकांनी विषय दिला तेव्हा मी त्यांना विचारलं, की आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला तुम्ही ब्रँडिंगवर का बोलायला लावताय? ते म्हणाले, सर, आमच्या ओळखीच्या बऱ्याच संस्था आहेत. बायकांना छोटी कर्जं देतात, मुलांच्या शिक्षणाचं बघतात, घरातली चूल पेटती राहावी म्हणून काम करतात. आता त्यांना जाहिरात कंपन्या फुकट मदत देऊ करतायत. नवं नाव, नवं बोधचिन्ह, फिल्म, घोषवाक्य. ही मदत घ्यावी का, आणि कशी घ्यावी, यावर बोला.

तर मी आज त्या मदतीची पारख करणार आहे. समीक्षा आपण कवितेची करतो, नाटकाची करतो. संस्थेचं नाव, तिचं पोस्टर, तिने स्वतःबद्दल सांगितलेली गोष्ट हासुद्धा एक मजकूरच असतो. कोणीतरी तो कोणासाठी तरी लिहिलेला असतो. मग त्याची समीक्षा का करू नये?

सुरुवात एका मराठी शब्दापासून करतो. पत. कर्ज देणाऱ्या सहकारी संस्थेला आपण पतसंस्था म्हणतो, पतपेढी म्हणतो. आणि 'त्या माणसाची गावात पत आहे' असंही म्हणतो. म्हणजे उधारी मिळण्याची लायकी आणि चारचौघांतली अब्रू या दोन्हींना आपल्या भाषेत एकच शब्द आहे. 'पत गेली' म्हटलं की वाणी उधार देत नाही आणि शेजारी दारात उभं करत नाहीत. ब्रँड या शब्दाचं मूळ तुम्हाला ठाऊक असेल, जनावराच्या अंगावर तापल्या लोखंडाने दिलेली मालकाची खूण. आपल्याकडे त्याला डागणं म्हणतात. जनावराला कोणी विचारत नाही, की बाबा तुला ही खूण चालेल का. पतीचं तसं नसतं. पत दुसऱ्याने द्यावी लागते, आणि ज्याचं काहीतरी बुडू शकतं त्याचाच तिथे शब्द चालतो.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो. कर्ज देऊन भुकेशी लढणाऱ्या संस्थेचं भांडवल म्हणजे तिच्या सभासद बायकांची पत. ज्या ब्रँडिंगने संस्थेची पत वाढते आणि त्या बायकांची कमी होते, ते ब्रँडिंग फुकट मिळालं तरी महाग आहे.

आता उदाहरण घेऊ. लांब जायला नको. अन्नपूर्णा महिला मंडळ. दादर-परळच्या गिरणगावात १९७५ साली ही संस्था सुरू झाली, आणि पुढे बायकांसाठी प्रशिक्षण आणि वसतिगृह असं तिचं केंद्र आपल्या वाशीतही उभं राहिलं. प्रेमाताई पुरव या तिच्या संस्थापक. मूळच्या गोव्याच्या, गोवा मुक्तीच्या लढ्यातल्या, नंतर मुंबईत कामगार चळवळीत आलेल्या.

गिरणगावातली खाणावळ म्हणजे काय, हे इथल्या तरुण मंडळींसाठी सांगायला हवं. कोकणातून, घाटावरून गडी गिरणीत यायचे. बायकामुलं गावाला. दहा बाय दहाच्या खोलीत पाळीपाळीने राहायचे. त्यांना दोन वेळचं जेवण घालायच्या चाळीतल्याच बायका. पैसे मिळायचे पगार झाल्यावर. तोवर डाळ-तांदूळ वाण्याकडून उधारीने, त्यावर जबर व्याज. मंगळसूत्र गहाण पडायचं. आणि संप झाला की पगार बंद, पण जेवायला माणसं येतच राहायची. त्यांना उठवून लावायचं कसं? सत्तरच्या दशकातल्या संपाच्या काळात या बायकांनी कामगारांना जेवू घातलं, आणि कर्जात बुडाल्या त्या स्वतः.

म्हणजे बघा, संपकऱ्यांच्या पोटाची काळजी जिने वाहिली, तिचं नाव कुठल्याच युनियनच्या यादीत नव्हतं. बँकेच्या लेखीही ती नव्हती. १९ जुलै १९६९ ला १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, बँका गरिबांसाठी म्हणून घोषणा झाली. पण खाणावळवालीकडे ना तारण, ना पगाराची चिठ्ठी. अन्नपूर्णाने काय केलं? या बायकांचे गट बांधले, एकमेकींना जामीन ठेवलं आणि राष्ट्रीयीकृत बँकेकडून कर्ज मिळवलं. 'हिने नाही फेडलं तर आम्ही आहोत' हे शेजारणीचं वाक्य बँकेने तारण म्हणून स्वीकारलं. बांगलादेशात मोहम्मद युनूस यांचा ग्रामीण बँकेचा प्रयोग १९७६ मध्ये सुरू झाला. त्यांना २००६ साली नोबेल मिळालं आणि 'मायक्रोफायनान्स' हा शब्द जगभर झाला. गिरणगावात त्याच सुमाराला हे चाललं होतं, त्याला तेव्हा कोणी असं भारदस्त नाव दिलं नव्हतं.

पण मंडळाने स्वतःला नाव दिलं होतं. अन्नपूर्णा. या नावाची आता समीक्षा करू.

पुराणात शंकर भिक्षापात्र घेऊन उभा आहे आणि अन्नपूर्णा त्याला वाढते आहे. म्हणजे याचक कोण, तर देव. दाती कोण, तर बाई. आपल्याकडे लग्नात मुलीला माहेरहून छोटी अन्नपूर्णा देतात, ती सासरच्या देवघरात जाते. हे नाव त्या खाणावळवालीला काही समजावून सांगावं लागलं नसेल. आणि मुख्य म्हणजे त्या नावात ती भुकेली, बिचारी, लाभार्थी अशी कुठेच नाही. ती वाढणारी आहे. जिला बँक दारात उभी करत नव्हती, तिच्या गटाला दातीचं नाव दिलं गेलं. माझ्या मते हे ब्रँडिंग अव्वल दर्जाचं आहे, आणि ते कुठल्याही एजन्सीशिवाय झालं.

आता दुसरी बाजू. समीक्षक म्हणून मला या नावात दोन अडचणी दिसतात.

पहिली अशी, की अन्नपूर्णा वाढते, पण ती जेवली का, हे कोणी विचारत नाही. आपल्या घरांत बाई शेवटी जेवते आणि उरलंसुरलं जेवते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. निम्म्याहून जास्त! वाढणारीच उपाशी आहे, आणि या नावाने तिच्या उपाशी राहण्याला थोडी सोनेरी कड लागते. दुसरी अडचण, हे देवीचं नाव आहे. बौद्ध घरातल्या, मुसलमान घरातल्या बाईला ते कितपत आपलं वाटत असेल? वाटतही असेल, रोजच्या व्यवहाराने परकेपणा जातो. पण प्रश्न विचारायला हवा.

ब्रँडिंगचा सल्लागार मात्र यातलं काहीच विचारणार नाही. तो म्हणेल, हे नाव गर्दीत हरवतं. खरं आहे. केंद्र सरकारची २००० सालची, निराधार वृद्धांना धान्य देणारी अन्नपूर्णा योजना, राज्य सरकारची २०२४ ची गॅस सिलिंडरची अन्नपूर्णा योजना, बाजारात एके काळी जोरात असलेला अन्नपूर्णा आटा, आणि गावोगावची अन्नपूर्णा भोजनालयं. तो सांगेल, इंटरनेटवर शोधलं तर तुम्ही पहिल्या पानावर येत नाही, नाव बदला. पण ज्या गल्लीत हप्ता भरला जातो तिथे कोणाचा गोंधळ होत नाही हो. 'अन्नपूर्णाच्या ताई आल्या' म्हटलं की कोण आल्या ते पोरालाही कळतं. नाव वेगळं ठरतं ते व्यवहारातून.

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन ऑस्टिन याने एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. काही वाक्यं माहिती देत नाहीत, ती कृतीच करतात. 'मी वचन देतो' हे त्याचं नेहमीचं उदाहरण. ब्रँडवालेही म्हणतात की ब्रँड म्हणजे वचन. ठीक, मान्य. पण वचन कोणाला तरी दिलेलं असतं. ते कोणाला दिलंय, हे कळल्याशिवाय ते पाळलं की मोडलं हे ठरवणार कसं? इथे संस्थेचे दोन समोरचे आहेत. एक देणगीदार, दुसरी सभासद बाई. दोघांना दिलेली वचनं वेगळी आहेत, आणि सगळा घोटाळा ती एकत्र कालवल्याने होतो.

हे नीट समजून घेऊ. प्रेमाताईंच्या कन्या डॉ. मेधा पुरव-सामंत यांनी बँकेतली नोकरी सोडून १९९३ मध्ये पुण्याच्या वस्त्यांमध्ये काम सुरू केलं. ते आज अन्नपूर्णा परिवार म्हणून ओळखलं जातं. तिथे कर्ज आहे, बचत आहे, विमा आहे. त्याशिवाय एकल मातांच्या मुलांच्या शिक्षणासाठी विद्यापूर्णा आहे, पाळणाघरांसाठी वात्सल्यपूर्णा आहे. नावांचं हे कुटुंब बघा, 'पूर्णा' हे आडनाव लावल्यासारखं. पण त्यामागचा हिशेब वेगवेगळा आहे. कर्जाचं काम व्याजावर चालू शकतं. पाळणाघर आणि शिष्यवृत्ती यांचा हप्ता कोणी भरत नाही. त्याला देणगी लागते, म्हणजे देणगीदाराशी बोलावं लागतं. आणि बोलण्यात कमीपणा काही नाही. १८७७ च्या दुष्काळात सत्यशोधक समाजाने धनकवडीला उपाशी मुलांसाठी अन्नछत्र चालवलं, त्यासाठी जोतीराव फुल्यांनी लोकांकडे मदत मागितलीच होती. अन्नछत्राचं नाव होतं व्हिक्टोरिया बालाश्रम. राणीचं नाव! ते नाव जेवणाऱ्या मुलांसाठी निवडलेलं नसावं, हे उघड आहे. पण अन्नछत्र कोणाकडून वसुली करत नाही. पतसंस्था करते. म्हणून पतसंस्थेला अन्नछत्राची जाहिरात शोभत नाही.

आणि आता सगळा ओढा नेमका तिकडेच आहे. कंपनी कायदा २०१३, कलम १३५. मोठ्या कंपन्यांनी सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायची. २०१४ पासून हा पैसा वाहू लागला. तो मिळवायला अहवाल लागतो, अहवालाला फोटो लागतो, फोटोला चेहरा लागतो.

एका छोट्या संस्थेच्या बैठकीत मी असाच बसलो होतो. संस्थेचं नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. एजन्सीची हुशार तरुण मंडळी आली होती, फुकट काम करत होती, हेतूंबद्दल मला शंका नाही. त्यांनी एका सभासद बाईच्या मुलीचा फोटो पडद्यावर लावला. पुढ्यात रिकामी थाळी, मोठे डोळे. खाली इंग्रजीत घोषवाक्य. मुलीची आई तिथेच बसली होती. तिने विचारलं, "ही थाळी कोणाची? आमच्या घरची नाही." मग थोडं थांबून म्हणाली, "हिच्या शाळेतल्या पोरांनी बघितलं तर?" खोलीत शांतता. फोटो काढून टाकला, ते बरंच झालं. पण मी विचार करत राहिलो, ती त्या दिवशी आली नसती तर?

त्या बाईने भाजीच्या गाडीसाठी घेतलेलं कर्ज वेळेवर फेडलं होतं. गल्लीत तिची पत होती. एका चित्राने ती पत संस्थेच्या खात्यात वळती होणार होती. कान्ट म्हणतो की माणसाला निव्वळ साधन म्हणून वापरू नये. वर्गात शिकवताना हे फार उंचावरचं वाटतं. इथे त्याचा अर्थ इतका साधा होता: जिच्याकडून तुम्ही हप्ता घेता, तिला तुम्ही भिकारी म्हणून दाखवू शकत नाही.

दुसरा मुद्दा खरेपणाचा. 'तुमच्या मदतीने एक कुटुंब भुकेतून कायमचं बाहेर' अशी वाक्यं आपण वाचतो. छोट्या कर्जाने नेमकं काय होतं? बोस्निया, इथिओपिया, भारत, मेक्सिको, मंगोलिया आणि मोरोक्को अशा सहा देशांतले काळजीपूर्वक केलेले अभ्यास २०१५ मध्ये एकत्र प्रसिद्ध झाले. निष्कर्ष असा, की काहींचे धंदे थोडे वाढतात, खर्च कशावर कधी करायचा याची मोकळीक थोडी वाढते, पण सरासरी घराचं उत्पन्न एकदम पालटत नाही. म्हणजे कर्ज निरुपयोगी आहे का? तर नाही. पगार आणि पुढचा पगार यांच्यामधले उपाशी दिवस ओलांडायला ते कामी येतं. खाणावळवालीची अडचण तीच तर होती. पण दरीवर टाकलेल्या फळीला महामार्ग म्हणू नये.

आणि म्हटलं की काय होतं? हैदराबादची स्वयं कृषी संगम ही संस्था. नावाचा अर्थच स्वतःच्या श्रमाचा. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस विनानफा तत्त्वावर सुरू झाली, पुढे एसकेएस नावाची कंपनी झाली, ऑगस्ट २०१० मध्ये तिचे शेअर बाजारात आले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आंध्र प्रदेश सरकारला मायक्रोफायनान्सच्या वसुलीवर अध्यादेश काढावा लागला. एकाच बाईला अनेक कंपन्यांची कर्जं आणि वसुलीचा जाच, असे गंभीर आरोप त्या सगळ्या क्षेत्रावर झाले. २०१६ मध्ये कंपनीने नावच बदललं, भारत फायनान्शियल इन्क्लूजन. बघा, ब्रँड बदलता येतो. नवं नाव, नवा फलक. कर्जदार बाईची पत गेली तर तिला नाव बदलून दुसऱ्या गल्लीत जाता येतं का?

याच्या उलट एक उदाहरण देतो. लिज्जत. १५ मार्च १९५९, गिरगावातल्या गच्चीवर सात बायका, उसने ८० रुपये. पुढे दूरदर्शनवर रामदास पाध्यांचा तो ससा आला, आणि पापड घराघरात गेला. त्या जाहिरातीत कधी म्हटलं का, की आमच्या गरीब भगिनींसाठी पापड घ्या? नाही. पापड कुरकुरीत आहे म्हणून घ्या. गिऱ्हाईक पापड घेतं, दया घेत नाही. जाहिरातीची कला तिथे पूर्ण ताकदीने वापरली आहे, आणि लाटणाऱ्या बाईची मान वरच राहिली आहे. म्हणून मी ब्रँडिंगच्या विरोधात आहे असं कृपा करून लिहू नका.

शिक्षणाबद्दल एकच सांगतो. साताऱ्यातल्या म्हसवडला चेतना सिन्हांनी माणदेशी महिला सहकारी बँक काढायचं ठरवलं, तेव्हा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने नाकारला, कारण प्रवर्तक बायका अंगठेबहाद्दर होत्या. बायकांनी रडगाणं गायलं नाही. त्या अक्षरं शिकल्या, पुन्हा गेल्या, आणि म्हणाल्या, आम्हाला व्याजाचं गणित तोंडी येतं, विचारा. १९९७ मध्ये बँक उभी राहिली. इथे शिक्षण कोणी दान म्हणून दिलेलं नाही. आपली पत सिद्ध करायला त्यांनी ते स्वतः मिळवलं. अशा गोष्टीला कुठलंही करुण संगीत लावायची गरज पडत नाही.

तेव्हा मदत घेणाऱ्या संस्थांना मी दोन प्रश्न विचारेन. तुमचं पोस्टर जिच्यावर आहे तिच्या स्वतःच्या गल्लीत, तिच्या नळावर, तुम्ही लावाल का? आणि तुमच्या पत्रकात व्याजाचा दर मराठीत, घोषवाक्याइतक्याच मोठ्या अक्षरात आहे का? बँका आणि वित्त कंपन्यांसाठी रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनी छोट्या कर्जाच्या किमतीचं सोपं पत्रक सक्तीचं केलं आहे. ज्यांना ती सक्ती नाही, त्यांनी ते आपणहून द्यावं. वचन देण्याची याहून चांगली जागा मला तरी दिसत नाही.

थांबतो. काही प्रश्न असतील तर घेऊ.

(श्रोत्यांमधून प्रश्न: सर, मी डिझायनर आहे. मला अशा संस्थेला खरंच मदत करायची आहे. मग नेमकं करू काय?)

फार चांगला प्रश्न. पासबुक करा. हो, पासबुक. बोधचिन्ह नंतर बघू. ज्या बाईला अक्षरं येत नाहीत पण आकडे येतात, तिला एका नजरेत कळलं पाहिजे की घेतले किती, फेडले किती, राहिले किती, आणि त्यात व्याज किती. आकडे ठसठशीत हवेत. कागद असा हवा, की ओल्या हातांनी धरला तरी फाटणार नाही, कारण ती मासळी विकते, भांडी घासते. तक्रार करायचा फोन नंबर मागच्या पानावर नको, पहिल्या पानावर हवा. ही सोपी कामगिरी समजू नका, पोस्टरपेक्षा अवघड आहे. आणि हे पासबुक देणगीदारालाही दाखवा. रिकाम्या थाळीपेक्षा त्याला त्यातून जास्त कळेल.

तुमच्या ओळखीची कोणी संस्था असेल, तर तिच्या पासबुकांची पुढची छपाई कधी आहे, तेवढं आधी विचारून घ्या.